मसाल्याच्या डब्यातल्या गोळ्या

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या वृद्धाश्रमात तीन गोष्टींना कुलूप असे: साखरेचा डबा, टीव्हीची शटरवाली पेटी आणि औषधांचं कपाट. पहिल्या दोन किल्ल्या व्यवस्थापक जीवरामभाऊंच्या खिशात खुळखुळत. भाऊ केसांना कलप लावून यायचे आणि व्हरांड्यातून किल्ल्या वाजवत फिरायचे. वय कळू नये, पण हुद्दा कळावा. तिसरी किल्ली मात्र मंजुळाबाईंच्या कमरेला, लुगड्याच्या ओच्यात खोचलेली. हेच भाऊंना खुपायचं. चौथी नापास आया, काम म्हणाल तर झाडू आणि बेडपॅन, आणि औषधांची किल्ली तिच्याकडे!

भाऊंच्या खुपण्याला आणखी एक कारण होतं, आणि ते अख्ख्या देवपूरला ठाऊक होतं. भाऊंचा धाकटा मेहुणा कंपाउंडरीचा कोर्स अर्ध्यात सोडून घरी बसला होता. बसला होता म्हणजे भाऊंच्याच घरी बसला होता, आणि दोन्ही वेळा शेवभाजी मागायचा. त्याला कुठेतरी चिकटवल्याशिवाय भाऊंच्या बायकोच्या तोंडचा पट्टा थांबणार नव्हता.

तर मंजुळाबाई. माहेर पहूरचं, सासर पाचोऱ्याचं. नवरा लग्नाच्या नवव्या वर्षी गेला, मूलबाळ नाही, उरली ती सासू. सासूला ब्लड प्रेशर निघालं. तेच शेजारच्या भागाबाईंनाही होतं. भागाबाईंना त्यांच्या गोळीनं गुण आला, हे सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. मग काय! त्या गल्लीत विरजण मागावं तशी गोळी मागायची रीत. वाटी घेऊन जायचं, 'एक दे वं माय' म्हणायचं. सासूबाई कधी स्वतःची घ्यायच्या, कधी भागाबाईंची, कधी दोन्ही, आणि बरं वाटलं की चार दिवस एकही नाही. एका सकाळी भाकरी थापता थापता उजवा हात परातीतच राहिला. अर्धं अंग गेलं. पुढची दोन वर्षं मंजुळाबाईंनी त्यांना कुशीवरून कुशीवर केलं, भरवलं, न्हाऊ घातलं. सासूनं आयुष्यभर जिला 'पहूरची गावंढळ' म्हटलं, तिचाच हात धरून ती गेली. त्या दिवसापासून 'दुसऱ्याची गोळी' एवढं म्हटलं तरी मंजुळाबाईंच्या अंगावर काटा यायचा.

शहाऐंशी साली त्या धुळ्याला आल्या आणि वृद्धाश्रमात लागल्या. तेव्हा तिथे गोळ्या वाटण्याची तऱ्हा न्यारीच होती. एका स्टीलच्या ताटलीत सगळ्यांच्या गोळ्या, चहाच्या ट्रेवर ताटली, आणि ज्यानं त्यानं आपापली ओळखून उचलायची. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी! व्हायचं तेच झालं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या सुपडूआबांनी लोटन गुरुजींची लघवीची गोळी घेतली. दुपारभर आबा आणि मोरी, मोरी आणि आबा.

"एवढ्या फेऱ्या तर मी पाचोरा डेपोत असतांना नही मारल्या," आबा पुढे वर्षभर सांगत राहिले. पण त्याच दुपारी गोळीवाचून गुरुजींचे पाय सुजून खांबासारखे झाले होते, हे सांगताना ते हसत नसत.

दुसऱ्याच दिवशी मंजुळाबाईंनी आपल्या ट्रंकेतून मसाल्याचा डबा काढला. पितळी, गोल, आत सात वाट्या. माहेरून मिळालेली एवढीच वस्तू त्यांच्यापाशी होती. घासूनघासून हळदीचा वास घालवला आणि वाटीवाटीत एकेकाची खूण टाकली. सुपडूआबांच्या वाटीत कंडक्टरच्या कोटाचं बटण, गुरुजींच्या वाटीत खडूचा तुकडा, कुणाची कवडी, कुणाचा तुळशीचा मणी. रोज सकाळी कपाटातली ज्याची त्याची पाकिटं काढायची, दर बुधवारी येणाऱ्या गिरधर डॉक्टरांकडून एकदा तपासून घेतलेली गोळी ज्याच्या त्याच्या वाटीत टाकायची, आणि डबा घेऊन खाटेखाटेशी जायचं. गोळी दिली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर काढलेल्या त्याच्या खुणेपुढे पेन्सिलीची एक रेघ. सात वाट्या, सात बीपीवाले. आठव्याला बीपी व्हायची परवानगी नाही, असं सुपडूआबा म्हणायचे.

गिरधर डॉक्टरांनी डबा पाहिला, बटण उचलून पाहिलं, खडू उचलून पाहिला, आणि खोखो हसले. मग हसू आवरून म्हणाले, "जीवरामभाऊ, कपाटाची किल्ली या बाईंना द्या." पाच वर्षं झाली त्याला. पाच वर्षांत एकही गोळी चुकीच्या तोंडात गेली नाही.

आणि मग द्रौपदाबाई आल्या.

साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातून, एक ट्रंक, एक पितळी देव्हारा आणि शहात्तर वर्षांची ताठ मान घेऊन. सगळे त्यांना अक्का म्हणू लागले. बोली अस्सल अहिराणी. मंजुळाबाईंची पहूरकडची बोली ऐकली की त्यांना गुदगुल्या व्हायच्या. "हाये काय म्हनस वं? 'शे' म्हन! तोंड वाकडं व्हवाव नही तुनं." पण जीव जडला तो मंजुळाबाईंवरच. रोज सकाळी पूजा आटोपली की पहिली पळी मंजुळाबाईंच्या हातावर. एका हातात बादली असो की बेडपॅन.

"अक्का, हात धुऊन येते ना."

"धू आणि ये. पण पहिले तीर्थ, मंग काम. देव काय तुना नौकर शे का थांबाले?"

मंजुळाबाई धावत हात धुवायच्या, ओंजळ पुढे करायच्या, आणि तीर्थ हातावर पडताच ओठांना लावायच्या. हातावरचं तीर्थ काय कुणी खाली ठेवतं? लहानपणापासूनची सवय. उरलेला ओला हात डोक्यावरून फिरवला की दिवस सुरू.

अक्कांनाही बीपी होतं, तेही चांगलंच चढलेलं. तुळशीच्या मण्याची वाटी ज्यांची, ते म्हातारबुवा श्रावणात गेले होते. ती वाटी अक्कांची झाली. पांढरी, मधे चीर असलेली गोळी, रोज सकाळी; पहिले दोन महिने अर्धी, मग डॉक्टरांनी ती पूर्ण केली.

अर्ध्या गोळीचे दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी अक्का तुळशीपाशी मटकन खाली बसल्या. घेरी आली म्हणाल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच. त्यानंतर पंधरा दिवसांनी मात्र मोरीच्या उंबऱ्यावर आडव्याच झाल्या. भुवईवर खोक पडली, तीन टाके घालावे लागले. डॉक्टर बुधवार नसताना आले, स्कूटर तिरकी करून सुरू करायची सवय असलेले डॉक्टर त्या दिवशी सरळ रिक्षानं आले. दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पुन्हा दाबला.

"वरचं नव्वदसुद्धा नाही. यांना दोन गोळ्या कुणी दिल्या?"

व्हरांड्यात सगळे गोळा झालेले. सगळ्यांचे डोळे हळूच एकाच दिशेला गेले. मंजुळाबाईंनी कॅलेंडर आणलं. तुळशीच्या मण्यापुढे रोजची एकेक रेघ, काल एक, आज एक. पेन्सिल कुठेही अडखळली नव्हती.

"रेघा काय, रेघा तर कोणीही मारेल," जीवरामभाऊ किल्ल्या वाजवत म्हणाले. "डॉक्टरसाहेब, मी किती दिवसांपासून सांगतोय. हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. मसाल्याच्या डब्यातून आमटी होते, औषधोपचार नाही."

"मेहुन्याची आमटी कधी टाकताय शिजायला, भाऊ?" सुपडूआबा खाटेवरून बोलले.

पण आज कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "मंजुळाबाई, तुम्ही एकच दिली?"

"एकच दिली, साहेब. देवाच्यान."

"मग हे झालं कसं, ते शोधा. बुधवारी मी येतो."

किल्ली कमरेला होती, पण आता ती टोचत होती. मंजुळाबाईंनी कपाटातल्या गोळ्या मोजल्या; हिशोबात एकही कमी नव्हती. म्हणजे दोन दिल्या गेल्या नव्हत्या. तरी पोटात दोन गेल्या होत्या. हे कोडं त्यांनी भांडी घासताना घासलं, चादरी पिळताना पिळलं. कॅलेंडर वाचायला त्यांना फारसं जमत नसे, पण स्वयंपाकघर त्यांना तोंडपाठ होतं. अक्का पडल्या त्या तिन्ही सकाळी काय शिजलं होतं? पहिल्यांदा वरण-भात, सकाळी साडेसातलाच. दुसऱ्यांदाही वरण-भात, साडेसातलाच. परवाही. एरवी साडेसातला वरण-भात कोण करतं? उपास सोडायचा असतो तेव्हाच. आणि आदल्या दिवशी तिन्ही वेळा भगर आणि दाण्याची आमटी.

तिन्ही वेळा द्वादशी.

पिळलेली चादर तशीच पायरीवर टाकून मंजुळाबाई अक्कांच्या खाटेशी गेल्या. अक्का भुवईवर पट्टी मिरवत वाती वळत बसल्या होत्या.

"अक्का, खरं सांगा. एकादशीची गोळी तुमी घेतली का?"

"एकादशीले?" अक्कांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू तिनं एकादशीला मटण शिजवलं का विचारलं होतं. "ती गोळी तोडी पाह्य एकदाव. पीठच निघस. कोन जाने ज्वारीनं शे का गहूनं! एकादशीले अन्न चालस का?"

"मंग ती गेली कुठे?"

अक्कांनी पदराचं टोक उचलून दाखवलं. टोकाला गाठ, रिकामी. "आठे. आनि दुसरा दिवस, उपास सोडाना वखतले, कालनी एक आनि आजनी एक. उपासनं राहेल पारनाले भरी काढतंस ना! मी काय येडी शे का, औसद वाया घालाले?"

एवढं सगळं त्यांनी अभिमानानं सांगितलं. चोरी नव्हती, लपवाछपवी नव्हती; उपासाचं गणित होतं, सरळ आणि चोख. उपाशी पोटी एकदम दोन गोळ्या, आणि मोरीचा उंबरा.

मंजुळाबाई पायथ्याशी बसल्या. मनात एक गोष्ट आता स्पष्ट दिसत होती आणि ती सांगायला नको अशी वाटत होती. एकादशीच्या सकाळी अक्का पूजेत असायच्या. 'ठी दे पाटवर, पूजा व्हवू दे, मंग घेसू' म्हणायच्या. अक्काच त्या! मंजुळाबाई पाटावर गोळी ठेवायच्या आणि पुढच्या खाटेकडे जाता जाता कॅलेंडरवर रेघ मारून टाकायच्या. सात वाट्यांतल्या सहा जणांनी गोळी गिळलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असे. सातवीचं तोंड त्यांनी पाहिलंच नव्हतं.

हे सांगितलं नाही तर? म्हातारी द्वादशीला दोन घेते, एवढं सांगितलं तरी आपण सुटतो. रेघेचं कोण विचारणार? भाऊ काय, त्यांना मण्यापुढची रेघ आणि बटणापुढची रेघ यातला फरक कळत नव्हता.

पण परातीत राहिलेला सासूचा हात मंजुळाबाईंना अजून दिसायचा.

बुधवारी त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. अक्कांचं आणि स्वतःचंही. "रेघ मी मारली साहेब, पन गिळतांनी पाह्यलं नही. ती रेघ खोटी होती."

जीवरामभाऊंचा चेहरा असा उजळला, की केसांचा कलपही फिका वाटावा. "बघा! स्वतःच्या तोंडानं..."

डॉक्टरांनी त्यांना हातानंच थांबवलं. मग स्वतः उठून अक्कांकडे गेले, खाटेवर बसले, समजावलं. गोळीत धान्य नसतं, अक्का. खडूसारखी पावडर असते. एक राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी दोन कधीच घ्यायच्या नाहीत. आणि मुळात राहूच द्यायची नाही, एक दिवस चुकली तरी डोक्याची शीर तुटू शकते. अक्कांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"व्हय दादा, आते दोन नही घेव. बठ्ठं समजनं," त्या म्हणाल्या. "पन एकादशीले नही घेव म्हंजे नही घेव."

डॉक्टर हात टेकून बाहेर आले. मंजुळाबाईंपुढे हात केला. त्यांनी ओच्यातून किल्ली काढून त्या हातावर ठेवली.

"शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी एकादशी आहे," डॉक्टर म्हणाले. "मी सकाळीच येईन. अक्कांनी तुमच्या हातून, तुमच्या डोळ्यांसमोर गोळी गिळली, तर किल्ली तुमची. नाही, तर भाऊंचा मेहुणा. मला डबाही नको आणि कोर्सही नको, मला गिळलेली गोळी पाहिजे. तोवर भाऊ कपाट उघडून देतील."

ते नऊ दिवस भाऊंनी कपाट असं काही उघडलं, जणू खजिनाच. मेहुणाही एकदा येऊन कपाट पाहून गेला आणि जाताना साखरेचा डबा कुठे असतो ते विचारून गेला.

मंजुळाबाईंनी रोज थोडंथोडं करून पाहिलं. पाठीला तेल चोळता चोळता म्हणाल्या, "अक्का, येवढा हट्ट कसाले? देव काय गोळीनं रुसतो?" अक्का आधी हसण्यावारी न्यायच्या. एके दिवशी मात्र हसल्या नाहीत.

"मंजुळे, माले सासूनी दिधेल एकादशी शे ती. पंचावन्न वरीस व्हयनात, एक बी मोडी नही. बाळंतपनात नही, मालक गया तवय नही." त्यांनी ट्रंकेकडे बोट केलं. "घर तठेच ऱ्हायनं. बैलजोडी तठेच ऱ्हायनी. नातूसनी तोंडं तठेच. मनासंगे एवढीच उनी."

मंजुळाबाईंचा हात पाठीवर थांबला. आपल्या ट्रंकेतून आपण काय काढलं होतं, ते त्यांना आठवलं. त्या दिवसानंतर त्यांनी अक्कांना एकादशी मोडायला एकदाही सांगितलं नाही. किल्ली गेली तर गेली. पण अक्कांच्या डोक्यातली शीर? तिला कोण सांगणार, की आज उपास आहे, आज तुटू नको?

एकादशी उजाडली. डॉक्टर साडेसातला हजर, भाऊ त्यांच्यामागे, मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून भाऊंच्या मागे. सुपडूआबा खुर्ची ओढून पुढच्या रांगेत. कंडक्टरला सीट कुठली धरावी हे शिकवावं लागत नाही. मंजुळाबाईंच्या हातात डबा, डब्यात मण्याच्या वाटीत गोळी, आणि डोक्यात काहीही नाही.

अक्कांची पूजा आटोपली. त्यांनी वर पाहिलं, इतकी माणसं पाहून जराही बिचकल्या नाहीत, आणि रोजच्यासारखी पळी उचलली. "ये वं. पहिले तीर्थ."

मंजुळाबाईंनी डबा खाली ठेवला, ओंजळ पुढे केली. तीर्थ हातावर पडलं आणि पडताक्षणी ओठांकडे गेलं, नेहमीसारखं, विचार न करता. ओला हात डोक्यावरून फिरवताना तो मध्येच थांबला.

हातावरचं तीर्थ कुणी खाली ठेवतं का? पदराला बांधतं का? उद्यावर टाकतं का?

"अक्का," त्या म्हणाल्या, "रोज तुमी मले देता. आज मी देते तुमाले."

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. मंजुळाबाईंनी त्यांच्या हातातून पळी घेतली. वाटीतली गोळी उचलली, अक्कांच्या उजव्या तळहाताच्या खळग्यात ठेवली, तिच्यावर तुळशीचं एक पान ठेवलं, आणि वरून पंचपात्रातली पळी ओतली. थोडं तीर्थ अक्कांच्या मनगटावर सांडलं.

"तीर्थात पडलं ते तीर्थ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हो का नही?"

अक्का आपल्या तळहाताकडे पाहत राहिल्या. गोळीची कड पानाखालून दिसत होती. त्यांना काही फसवलेलं नव्हतं, आणि फसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याही.

"माले येडी समजस का वं?" त्या म्हणाल्या.

"नही, अक्का."

"गोळीच शे ती."

"गोळीच हाये."

बोटांमधून एक थेंब खाली पडला. दुसरा पडायच्या बेतात होता. हातावरचं तीर्थ सांडू द्यायचं, हेही पंचावन्न वर्षांत कधी झालेलं नव्हतं.

"ही पहूरनी बाई," अक्का पुटपुटल्या, "देवले बी कामले लाई दी एक दिवस." आणि तळहात ओठांना लावला. पान, पाणी, गोळी, सगळं एकदम. गळ्याची कातडी वर गेली, खाली आली. मंजुळाबाईंनी डोळ्याची पापणी न हलवता ते पाहिलं.

मग अक्कांनी लहान पोरीसारखी जीभ बाहेर काढून दाखवली. वरून, खालून, दोन्हीकडून. "गिळी लिधी. आते मार तुनी रेघ. खरी मारजो."

मंजुळाबाईंना कॅलेंडरवरचा मणी पटकन दिसेना. डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टरांनीच बोट ठेवून जागा दाखवली. रेघ जरा वाकडी आली. डॉक्टरांनी दुसऱ्या हातानं खिशातून किल्ली काढून डब्याच्या झाकणावर ठेवली, आणि मेहुण्याकडे वळून म्हणाले, "तुमचा तो कोर्स पूर्ण करा बुवा, शर्ट छान आहे." भाऊंच्या किल्ल्या त्या दिवशी दुपारपर्यंत वाजल्या नाहीत.

एवढ्यात मागून खुर्ची सरकली. ज्यांनी उभ्या जन्मात कुठल्या देवळाची पायरी चढली नव्हती ते सुपडूआबा, हात पुसत पुढे आले, बटणाच्या वाटीकडे मानेनं खूण केली आणि ओंजळ पुढे धरली.

"काय हो आबा, आज एकादशी?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"नही. पन गोळी अशी मिळत असंन, तर मले बी लाईनीत घ्या."